लागलं का

पाच दिवस. त्यापुढे प्लेटलेट टिकत नाहीत.
म्हणून त्यांना मशीनवर हलवत ठेवायचं
रात्रंदिवस, पाळण्यासारखं,
आणि त्या पाळण्याची रात्रपाळी माझी,
मुंबई नाक्याजवळच्या एका तळघरात.

नातेवाईक बर्फ घेऊन येतात.
थर्मासात, डब्यात,
एकदा तर कुल्फीवाल्याच्या मटक्यात.
रक्त म्हटलं की लाल आणि गार, एवढंच ठाऊक.
मी पिशवी दाखवते : पिवळसर,
वरणाच्या निवळीसारखी.
म्हणते, बर्फात नको. हातात धरा, हलवत न्या,
रिक्षात मांडीवर घ्या.
मग चांगले मिशाळ बाप्ये
टाळू न भरलेलं लेकरू न्यावं
तशी ती पिशवी घेऊन पायऱ्या चढतात.

नोव्हेंबरात डॉक्टर खैरनार आली,
वय असेल सत्तावीस, झोप नसल्याचं पन्नास.
तीन वर्षांची रजिस्टरं टेबलावर घेतली.
डेंग्यूचे दाखल पेशंट, वहीत दोन रकाने :
पिशवी दिलेले, न दिलेले.
चार रात्री मोजत बसली.
दिलेल्यांच्या बाजूला मेलेले जास्त निघाले.

मी फ्रीज पुसत होते. फडकं हातातच राहिलं.

"ताई," ती म्हणाली, "बंब जातो तिथे आग असतेच.
बंबानं लावलेली नसते."
मग पेनाचं टोपण चावत, जरा वेळानं :
"पण पाणी जास्त झालं की
भिंत पडते कधी कधी.
अशा भिंती किती, ते या वहीत येत नाही."

ती चहाला गेल्यावर
मी पान उलटलं. शोधावं लागलं नाही.
नऊ ऑक्टोबर, पहाटे पावणेतीन.
भोये काशिनाथ, वय चौतीस, मुक्काम पेठ तालुका,
दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला आलेला.
काउंट अठरा हजार. पिशव्या चार.
'रक्तस्राव' या शब्दापुढे आडवी रेघ.
अक्षर माझंच.

त्या रात्री त्याचा भाऊ सोमा गप्प होता,
हाताला छाटणीच्या कात्रीचे घट्टे.
ओरडत होता तो मुकादम :
माणसाला काही देणार की नुसतं बघणार?
वॉर्डातून फोन आला, द्या.
मी दिल्या.
दिलं म्हणजे केलं,
हे त्या रात्री सगळ्यांना पटलं होतं, मला धरून.

दुपारी त्याची छाती पाण्यानं भरली.
तापानं भरली की आमच्यानं,
हे विचारायला सोमा थांबला नाही.
गाडीवाला घाई करत होता,
सावळघाटात अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.

तो पिशव्यांशिवाय जगला असता का?
माहीत नाही.
पिशव्या नाकारल्या असत्या आणि तो गेला असता,
तर हाच प्रश्न मी उलटा करून
आयुष्यभर उशाला घेतला असता.
आमच्या रजिस्टरला चौदा रकाने आहेत.
पंधरावा कुणी आखलेला नाही.

परवा इरफान कोकणीचा फोन आला,
चौक मंडईतला, गाद्या भरणारा.
दर तीन महिन्यांनी येऊन देतो,
बिस्किटाचा पुडा घरी लेकीला नेतो,
आणि कधी ना कधी विचारतोच :
"ताई, माझं लागलं का कुणाला?"

चारांतली तिसरी पिशवी त्याची होती.

लागलं का.
ठेच लागते, औषध लागू पडतं,
भूक लागते, काटा लागतो,
आणि एखाद्याला एखादी गोष्ट
जिवाला लागते.
माझ्या मागे मशीन हलत होतं,
डावीकडे, उजवीकडे,
आज आलेल्या सात पिशव्यांना झोप न लागू देत.

"लागलं," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला. "जानेवारीत येतो मग."

मी तारीख लिहून घेतली.
वरच्या वॉर्डाचा फोन वाजत होता.
उचलला, आणि पहिल्यांदाच,
पिशव्या किती हे विचारायच्या आधी
विचारलं :
रक्त कुठून जातंय का?