मूळचे कुठले

साखर पेठेत आई विड्या मोजते तेलुगूत.
पंचवीस झाल्या की दोरा.
पानं कमी दिली म्हणून कारखानदाराशी भांडते मात्र मराठीत,
आणि जिंकते.

पुण्यात खोली बघायला गेलो तर
मालक म्हणाला, मराठी जरा वेगळंय तुमचं.
मूळचे कुठले?
सोलापूर.
हो, पण मूळचे?

परत आलो. टॉवेलच्या मागावर
नवा पोरगा, बिपिन बेहरा.
ह्या लोकांनी मजुरी पाडली, यल्लप्पा म्हणाला.
मीही मान हलवली.

दुपारी त्याने डबा उघडला.
नुसता भात.
शेंगाचटणीची पुडी सरकवली त्याच्याकडे
आणि तोंडातून गेलंच :
मूळचा कुठला रे?

"अशोक चौक," तो म्हणाला, घास न थांबवता.

पुढचा प्रश्न
मी चटणीबरोबर गिळला.
तिखट होती.