पान सतरा

पत्रात लिहिलंय: लग्नाचा दाखला जोडलेला नाही,
सबब नवरा म्हणून तिकडे राहण्याचा अर्ज
नामंजूर.

त्यांच्याच पोचपावतीत आहे, पान सतरा:
दाखला, ग्रामपंचायत उभादांडा.
शिक्का जरा तिरका,
मारताना ग्रामसेवकाला शिंक आली
आणि तू हसलीस.
ते कागदावर नाही.

वकीलबाई म्हणते, चूक त्यांची,
फी मात्र आपली. तीस दिवसांत कळवा.

तू नाईट ड्युटीवर.
मी वेंगुर्ल्यात, मच्छीबाजारामागे,
मयेकराच्या झेरॉक्सात.
बोटांना बांगड्याचा वास, म्हणून कागद
कडेकडेने धरलाय.
यंत्राचा हिरवा उजेड
आपल्या सह्यांवरून सरकत जातो.

"किती होये?"
चार, म्हणालो.
मग, पाच कर.
एक घरात असू दे,
उद्या मलाच वाटलं तर.