उपाशीपोटी

सकाळी साडेसहाला माझी गाडी नारायण पेठेतून निघते.
डिकीत बर्फाची पेटी, पेटीत नळ्या:
जांभळं टोपण, पिवळं टोपण, राखाडी.
दारात मी एकच विचारते,
बारा तास पोटात काही नाही ना?
लोक मला उलट विचारतात,
तुम्ही खाता का हो?
काय, ते म्हणत नाहीत.
कर्म अध्याहृत असतं.

शनिपाराजवळ गद्रेकाका, वय एकाहत्तर.
अंड्याला उभ्या जन्मात हात नाही,
चातुर्मासात कांदासुद्धा नाही.
उपासाला साबुदाणा तुपात न्हालेला,
सोबत बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी,
आणि रविवारी श्रीखंड, कारण रविवार.
त्यांची नळी मशीनमध्ये फिरवली
तर वरचा थर पांढराफटक, सायीसारखा.
ट्रायग्लिसराइड सहाशे बारा.
सांगितलं तर म्हणाले,
दुधासारखं दिसतंय? मग शुद्धच की.

मोमिनपुऱ्यात तांबोळीचाचा
बाही वर करून आधीच बसलेले.
गेल्या वर्षी छातीत स्प्रिंग बसवली,
तेव्हापासून पाया बंद, नल्ली बंद.
मेथी, दोडका, ज्वारीची भाकरी.
आतून पोरांच्या खिम्याचा वास येतो,
चाचा खिडकीकडे बघतात.
आधी बोकड खायचो, ताई,
आता बोकड जे खातं ते खातो.
वाईट कोलेस्टेरॉल एकशे साठवरून अठ्ठ्याहत्तर.
त्यात गोळीचा वाटा किती, दोडक्याचा किती,
ते नळीला विचारून कळत नाही.

बाणेरला, अकराव्या मजल्यावर, निहार.
तीन वर्षं दूध नाही, दही नाही, मधही नाही.
वासरांबद्दल बोलताना त्याचा आवाज खरा असतो,
मी बँडेज लावता लावता ऐकते.
साखर चोख, चरबी चोख,
फक्त तळपायांना मुंग्या.
बी-बारा एकशे दहा.
लिफ्टपाशी त्याची आई हळूच म्हणते,
पेलाभर ताक तरी घे म्हणावं, तुमचं ऐकेल.
मी म्हणते, याची गोळी मिळते हो.
हे तिलाही आवडत नाही,
त्यालाही फारसं नाही.

आणि एकदा नळीवर मी माझंच नाव लिहिलं.
हिमोग्लोबिन आठ पॉइंट नऊ.
दिवसभर दुसऱ्यांचं रक्त वाहणारी बाई,
जिना चढताना कठड्याला टेकते.
डॉक्टर म्हणाले, कलेजी खा,
नाहीतर हळीव, चवळी, वर लिंबू पिळून,
आणि जेवणावर लगेच चहा नको.
चहाचं ऐकून मला खरं रडू आलं.

कलेजी दौंडला, आईकडे, महिन्यातून एकदा.
इथे भाडेकरारात कलम सात.
खोली दाखवण्याआधी इंदुताईंनी
माझं आडनाव दोनदा विचारलं होतं.
मग चवळी. मग लिंबू. मग लोखंडी कढई.
चार महिन्यांनी अकराच्या आसपास,
थोडी आईमुळे, थोडी कढईमुळे, बरीचशी गोळीमुळे.

परवा रात्री नऊला दारावर वॉकरची टकटक.
खुब्याच्या ऑपरेशनपासून इंदुताई निम्म्या झाल्यात.
आत आल्या, दार स्वतःच लावलं.
प्रथिनं घसरलीत म्हणे माझी.
डाळ पचत नाही, पनीर बघवत नाही,
ती पावडर तर खडू.
जरा थांबून,
अंडं उकडायला किती वेळ लागतो गं?
दहा-बारा मिनिटं, मी म्हटलं.
कलम सातचं नाव कोणी काढलं नाही.
भांडं मात्र तुझंच घे, म्हणाल्या.

पलंगाच्या कडेवर बसून
डोळे मिटून त्यांनी पांढरं खाल्लं.
मीठ मागितलं.
दुसऱ्या घासाला मिरपूड.
मग बशीतल्या गोळ्याकडे बघून,
या पिवळ्याचं काय करतात?

ते मी खाल्लं.

टरफलं सकाळी लॅबच्या पिवळ्या पिशवीत टाकली,
कापसाच्या बोळ्यांखाली,
आणि गद्रेकाकांकडे गेले.
आज पुन्हा उपास होता त्यांचा.