सागरमाळावर दोन हजार वर्षं

सोमवारी मी वर्ष शून्य टाइप केलं.
आज शनिवार. डबा उघडला,
पिठलं संपेस्तोवर चारशे वर्षं गेली.

पडद्यावर समुद्राचा तळ
सुमात्र्याखाली शिरतो, वर्षाला दोन बोटं,
पोराच्या चपलेचं माप वाढावं तसा.
सगळं निळं.
कुठंच काही होत नाही
आणि मशीन दशकामागून दशक
ढांगा टाकत जातं.

मग एका ठिपक्याशी अडखळतं.
पाऊल आखडतं: महिना, दिवस, तास,
सेकंदाचा हजारावा तुकडा.
कडेला लाल उमटतं, पंखे ओरडायला लागतात.
चारशे वर्षं जेवता जेवता सरली,
या सहा मिनिटांना पहाट होणार.

आप्पालाल शिकलगार, रात्रपाळीचे,
बॅटरी विझवून दारात.
"मॅडम, कुठं झाला?"
कुठंच नाही, मामा. हिशेबात झाला.
"मानसं?"
माणसं घातलीच नाहीत यात.
खडक, घर्षण आणि वेळ.

सदुसष्टला कोयना हलली तेव्हा
आईनं त्यांना गोधडीसकट बोळात आणलं.
त्यांना आठवते ती फक्त
आत कुणी नसताना वाजणारी भांडी.

"म्होरला कधी?"
मी कागद देते. पाच आले, हा सहावा.
मधली अंतरं: चारशे दहा,
दोनशे साठ, पाचशे चाळीस,
मग साठच वर्षांत लगेच दुसरा.
नियम तेच, आकडे तेच, मीच भरलेले,
तरी एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

मामा कागद लांब धरतात.
गंगावेशीत त्यांची म्हैस आहे,
कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढतात.
"म्हंजे पान्हा चोरल्यागत," म्हणाले.
"दोन दिस धरून ठेवती,
तिसऱ्या दिशी बादली पुरत न्हाई.
आनि कवा सोडंल, ते तिचं तिलाबी ठावं नसतंय."

हे प्रबंधात कुठं लिहू?

रंकाळा म्हणे आधी दगडाची खाण होती.
कधीतरी जमीन हलली, खालचं पाणी वर आलं.
आता कठड्याला टेकून लोक भेळ खातात.
त्या धक्क्याची तारीख
कुणीच लिहून ठेवली नाही.

साडेचारला लाल विझलं.
मशीननं पाऊल लांबवलं: एक दिवस, एक वर्ष, बावीस.
मामांची धारेची वेळ झाली.
मी डबा विसळून परत आले
तर एकशे तीस वर्षं झाली होती
आणि खाली, त्या निळ्यात,
दगडानं दगडाला
पुन्हा घट्ट धरलं होतं.