सात रस्ता, संध्याकाळी सहा

सात रस्ते, एकही मोकळा नाही.
उसाच्या ट्रॅक्टरमागे माझी नवी गाडी,
हप्ता पाच तारखेला, एसी दोनवर.

काचेला घासत गेली सायकल.
कॅरिअरवर जकार्डचे पुठ्ठे, सुतळीनं बांधलेले.
गड्डमकाका! आमच्या मागावर नक्षी चढवायचे ते.
"काय बे, कोंडून घेतलास की!"
काच खाली करेपर्यंत
रिक्षा-टेम्पोच्या फटीत शिरलेसुद्धा.

लहानपणी विचारलं होतं,
पुठ्ठ्यात मोर कुठाय?
म्हणाले, भोकांत.
भोक नसलं की सुई अडती, चादर कोरी.

हॉर्न. मग सगळ्यांचेच हॉर्न.
पुढं गच्च पुठ्ठा, मागं गच्च पुठ्ठा,
मी पाय क्लचवर धरून,
आणि लांब रंगभवनकडं
एक सुई निघालेली,
घंटी न वाजवता.