पागोळी

चौघं दुपारी आले, ब्रातिस्लाव्हाहून.
क्रॅम्पॉनवर किमतीची चिठ्ठी तशीच.
"उद्या शिखर होईल ना?" झ्लाटित्सानं विचारलं,
उद्या दुकान उघडं असेल ना, तसं.

द्राहोमीरा बोलली नाही काही.
निवाऱ्यामागच्या उतारावर नेलं त्यांना,
म्हणाली, पडा.
पडले. हसले.
आता पाठीवर, डोकं खाली.
बर्फकुऱ्हाड रोवायला तिघांना उशीर झाला,
चौथ्याच्या हातून ती सुटलीच.
पुन्हा.
उजेड होता तोवर पुन्हा.

रात्री मी पाठुंगळी आणलेला कोबी चिरत होतो,
ती वळचणीखाली कान देऊन उभी.
पागोळी थांबली तर बर्फ धरेल,
एवढंच तिचं शास्त्र.
टप.
कितीतरी वेळानं, टप.

पहाटे तीनला चौघं बूट आवळून दारात.
"नाही," ती म्हणाली.
ओंद्रेय तडकला: रजा संपली आमची,
आभाळ बघा, एक ढग नाही.
खरंच नव्हता.

मग अख्खा दिवस
काही कोसळलं नाही वरून.
एक खडासुद्धा नाही.
पलीकडच्या निवाऱ्यातले दोघे
शिखर गाठून परतलेही, हात हलवत,
आणि आमचे चौघं ते बघत उतरले.
सूपाचे पैसे तेवढे मोजून ठेवले,
सुट्यासकट.

तिनं वहीत लिहिलं: चारही खाली.
पेन तसंच धरून बसली.
मग मला म्हणाली,
"टप ऐकू आलं होतं ना तुलाही?"

आलं होतं.
म्हणजे, आलं असावं.