चौथ्या खेळीला घोडा

तासगाव रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
रात्री साडेबाराला कॉम्प्रेसर एकदा खोकतो
आणि पुन्हा आपल्या सुरात लागतो.
चेंबर तीन : चार डिग्री.
वहीत लिहितो, सही करतो, शी. बा. मगदूम.
(नाव शीतल. मालक वर्षातून एकदा त्यावर हसतो.)
पुढची नोंद दीडला.
मधला तास माझा.

कानटोपी, स्टीलचा कप,
अंगाला बेदाण्याचा वास. लोकांना वाटतं गोड असेल,
तो गंधकाचा असतो.
मोबाईलवर पाच मिनिटांचा डाव लागतो.
समोर कुणीतरी. झेंडा ओळखू येत नाही,
नावात तीन आकडे, फोटोत मांजर.
मी पांढरा.

राजाचं प्यादं दोन घरं. त्याचंही.
घोडा. घोडा.
दुसरा घोडा. दुसरा घोडा.
इथपर्यंत सगळं याद्या करायला बसल्यासारखं,
तुम्ही सांगा, छे छे, आधी तुम्ही.

आणि चौथ्या खेळीला
मी घोडा देतो.
एका प्याद्याला.

पायगोंडा मास्तर असते समोर तर पट उचलून ठेवला असता.
चाळीस वर्षं हळदीच्या पेढीवर दिवाणजी,
संध्याकाळी खणभागात गिरणीच्या ओट्यावर
आम्हा पोरांना बुद्धिबळ.
"दिलंस तर पावती घे," म्हणायचे,
"प्यादं असो नाहीतर पोत्याची सुतळी."
डाव संपला की मोहरी मोजून डब्यात.
बत्तीस भरल्याशिवाय उठायचे नाहीत.

पण बघा ना, मास्तर,
मधलं प्यादं एक पाऊल टाकतं
आणि त्याचा घोडा उठून बाजूला पळतो.
शेजारचं प्यादं सरकतं,
दुसरा घोडा आल्या वाटेनं थेट तबेल्यात.
दोन पायी माणसं
घोड्यांना हाकलतायत,
शाळवात शिरलेली गुरं हाकलावीत तशी,
हुर्र, हुर्र.

आता तो थांबलाय.
दहा सेकंद. वीस. चाळीस.
कुठल्या देशात किती वाजलेत कोण जाणे,
पण एक माणूस तिथे खुर्चीत सरळ होऊन बसलाय
माझ्यामुळे.
अकरा वर्षांत या गेटच्या आत
चार डिग्री सोडून मला कुणी काही विचारलं नाही.
हे चाळीस सेकंद
एका घोड्याला महाग नाहीत.

मग तो घोडा परत देतो.

मधली माझी दोन्ही प्यादी घेऊन, अगदी सावकाश,
पूर ओसरल्यावर शेजारणीनं
नेलेली पातेली घासूनपुसून परत आणावीत तसा.
आता देणं नाही, घेणं नाही,
आणि माझा राजा उघड्यावर.
मला हे माहीत नव्हतं. घेतलेलं कधी परत करायचं
हे त्याला माहीत होतं.
एकतिसाव्या खेळीला मात.
चौदा गुण गेले.
दीड वाजले. चेंबर तीन : चार डिग्री. सही.

डावाचा फोटो मास्तरांना पाठवला.
त्यांना आता पट दिसत नाही,
सून खेळ्या वाचून दाखवते, अडखळत,
घोड्याला कधी उंट म्हणते.
सकाळी सहाला त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला :
"मगदूम, घोडा का दिलास?"
मग बराच वेळ नुसता श्वास,
मागे कुकरची शिट्टी,
मला वाटलं बटण दाबायचं विसरले.
मग :
"आणि मग त्यानं काय केलं?"

दुपारी झोप झाली की जाईन.
डबा तोच आहे, जुना.
एक काळा घोडा पुरात गेला,
त्याच्या जागी आम्ही सुपारी ठेवतो.
मास्तर तीही मोजतात.